तिसरा प्रश्न

परिपत्रक आलं तेव्हा मी चुन्याच्या पिशव्या मोजत होतो.
दोन पानं, पिन गंजलेली, वर शिक्का.
फिजिकल डायरेक्टर म्हणाले, गुरुदासबाब, तुम्हीच वाचा मुलांना,
तुमचा आवाज नदीकडच्या गोलपोस्टापर्यंत जातो.

वाचलं.
सरावात हेडर आठवड्याला वीस. एकविसावा नाही.
डोक्याला मार बसला की खेळाडू बाहेर,
त्या दिवशी परत आत नाही,
कप्तान असो, फायनल असो,
प्रिन्सिपलचा भाचा असो
(हे मी पदरचं घातलं).
शंका आली तर तीन प्रश्न विचारावेत:
मैदान कुठलं. हाफ कितवा. शेवटचा गोल कुणाचा.

मुलं हसली. मीही हसलो.
आमच्या वेळी बॉल चामड्याचा होता,
कुशावतीत पडून आला की जात्याच्या तळीएवढा जड,
आणि कोच ओरडायचा, माथ्यान मार रे,
माथें कित्याक दिलां देवान?

सत्त्याऐंशीची फायनल, ह्याच केपेंच्या मैदानावर.
कॉर्नरला मी उडी मारली, कुस्तोदियोनंही मारली,
दोघं एकाच जर्सीतले.
नारळावर नारळ आपटावा तसा आवाज झाला म्हणतात.
त्यानंतर बारा मिनिटांनी मी गोल मारला म्हणतात,
तीस यार्डांवरून, डाव्या पायानं.
अजून तिठ्यावर कुणी भेटलं की तो गोल मला सांगतं,
पायाच्या कोनासकट.
मी मान हलवतो.
गोल गावाजवळ आहे, माझ्याजवळ नाही.
माझ्याजवळ त्या दिवसाचं एवढंच:
मी आमच्या दारात उभा, अंगात दुसऱ्याचा शर्ट,
आणि आई विचारतेय, जेवलास?

कुस्तोदियो पोदेराचा भोंगा ऐकला की बाहेर येतो,
पाव घेतो.
पोदेर वळणावर पोचून पुन्हा वाजवतो,
हा पुन्हा धावत जाऊन घेतो.
वय झालं, म्हणतात. अठ्ठावन्न हे काय वय?
पेर्पेत उरलेले पाव वाळवते, कोंबड्यांना घालते,
कोंबड्या तेवढ्या माजल्यात.

परवाची फायनल. काजूच्या बोंडांचा आंबूस वास मैदानभर.
आमचा एक, त्यांचा शून्य.
सत्तराव्या मिनिटाला उपेश वेळीप
गोलकीपरच्या कोपरावर कपाळ घेऊन पडला
आणि उठला.
फार लगेच उठला. तेच मला आवडलं नाही.

मैदान कुठलं?
केपें.
हाफ?
दुसरा. सोडा ना, बाब.
शेवटचा गोल कुणाचा?

तो स्कोअरबोर्डाकडे वळायला लागला.
मी मधे उभा राहिलो.
त्याचे डोळे माझ्या खांद्यावरून काहीतरी शोधत होते,
खिशात किल्ली शोधावी तसे,
आणि खिसा त्याचा नव्हताच.
गोल त्याचाच होता. सहा मिनिटांपूर्वीचा.
बेंचवर पोरं अजून त्यावरच बोलत होती.

मी पाटी वर केली.
शिट्ट्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, म्हातारो भियेलो!
भ्यालो होतो. खोटं कशाला बोलू.
शेवटच्या आठ मिनिटांत त्यांनी दोन घातले.
डायरेक्टर माझ्याकडे न बघता कागद घडी करत राहिले,
चार घड्या, आठ घड्या.

ॲम्ब्युलन्स कुडचड्याहून यायची होती.
पायऱ्यांवर आम्ही दोघं.
गेटवरच्या मासळीवालीनं थर्माकोलच्या पेटीतला बर्फ दिला,
बांगड्याचा वास असलेला,
तो माझ्या रुमालात, रुमाल त्याच्या कपाळावर.

किती झाले, बाब?
दोन-एक. हरलो.
आपला कुणी मारला?
तू.
खरंच?
डावीकडून आत शिरलास, बॅकला वाटलं पास देशील.

पाणी बोटांतून कोपरापर्यंत ओघळलं.
बाब, आपला कुणी मारला?
तू. डावीकडून आत शिरलास.
ह्या वेळी मी गोलकीपरचं नावही सांगितलं,
बॉल जाळीत अडकून क्षणभर लोंबला तेही.
मला कुणी असं
त्याच संध्याकाळी, शेजारी बसून सांगितलं नव्हतं.

रस्त्यावर सायरन. अजून पुलापलीकडे.
रुमालात आता नुसतं गार पाणी.
बाब, तो म्हणाला,
आपला कुणी मारला?